सीमेवर संविधान संपतं म्हणे!

"सीमेपासून 50 किलोमीटरपर्यंत संविधान लागू नाही. बीएसएफ कुणालाही उचलू शकते. हक्कांचे लाड केले म्हणूनच तस्कर सुटतात." घरच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला, वर 'अगदी बरोबर' असा शेराही. म्हणून हा खटाटोप.

50 चा आकडा खरा, पुढचं सगळं मनचं. 11 ऑक्टोबर 2021 च्या अधिसूचनेने पंजाब, बंगाल, आसामात बीएसएफची (सीमा सुरक्षा दलाची) हद्द 15 वरून 50 किलोमीटर झाली. गुजरातेत ती 80 वरून 50 वर आली, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. वाढली ती झडती, जप्ती, अटकेची हद्द. पुढे माणूस पोलिसांच्या किंवा संबंधित खात्याच्या हवाली करावाच लागतो, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा लागतो. कुणी अनुच्छेद 33 पुढे करतं. तो जवानांच्या स्वतःच्या हक्कांना मुरड घालतो, गावकऱ्यांच्या नव्हे.

आता ते तस्कर. ड्रग्जच्या 1985 च्या कायद्यातलं कलम 50 बघा. अंगझडतीआधी संशयिताला सांगायचं: राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. सांगायला अर्धा मिनिट लागतो. तेवढं टाळलं, तर अंगावर सापडलेल्या मालावर उभी असलेली शिक्षा टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1999 मध्ये बलदेव सिंग प्रकरणात सांगितलं. तरी घोळ ठरलेले: दोघा संशयितांना मिळून या हक्काची एकच नोटीस, किंवा 'आमच्याच पथकातल्या साहेबांसमोर चालेल का?' असा कायद्यात नसलेला तिसरा पर्याय. 2014 मध्ये परमानंद प्रकरणात नेमक्या याच दोन चुका नडल्या. म्हणजे आरोपी सुटतो तो हक्क डावलल्यामुळे, आणि खापर फुटतं हक्कांवर! (हे कलम अंगझडतीपुरतं, पिशवीला लागू नाही.)

'परदेशी घुसखोराला कसले हक्क?' जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारा अनुच्छेद 21 'व्यक्ती' म्हणतो, 'नागरिक' नव्हे. विषय संपला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. प्रतिबंधक स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे गुन्हा करेल या संशयावरून आधीच डांबून ठेवण्यात, 24 तासांचा नियम आणि वकील घेण्याचा हक्क दोन्ही लागू नाहीत, आणि या तरतुदीचा गैरवापर होतो. पण तिथेही स्थानबद्धतेची कारणं कळवावी लागतात आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सर्वसाधारणपणे सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो. ही सूट आणि तिच्यावरची वेसण, दोन्ही अनुच्छेद 22 मधलीच.