बारशाच्या गोधडीच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की गोधडी बारशाच्या आदल्या रात्री साडेनऊला मिळाली, टाके लहानमोठे आहेत, आजींचं हिरवं लुगडं वर कुठे दिसतच नाही आणि पहिल्याच धुण्यात लाल खणाचा रंग पांढऱ्या तुकड्यांना लागला. आधी रंगाचं बोलते, कारण ती चूक पूर्ण माझी आहे.

लाल खण कोरा होता. कोरं गडद कापड आम्ही एरवी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत तीनचारदा धुतो, कडक वाळवतो आणि मगच कापायला घेतो. तुमची ऑर्डर आली तेव्हा बाळ तीन दिवसांचं होतं, बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे हातात जेमतेम आठ दिवस आणि त्यात आषाढाची झड लागलेली, साधा पंचा दोन दोन दिवस वाळत नव्हता. मी खण एकदाच धुतला, पाणी गुलाबी येत होतं ते मला दिसलं होतं, तरी पुढे गेले. बाळाच्या अंगाखाली जाणारी वस्तू, तेव्हाच तुम्हाला फोन करून लाल काढून दुसरा रंग घालू का असं विचारायला पाहिजे होतं, नाही विचारलं. माफ करा.

उशीरही मान्य. संध्याकाळी पाचचा शब्द दिला होता. शेवटच्या दिवशी दुपारीच लाइट गेली, त्या ढगाळ उजेडात सुई दिसेना, पण मी तुम्हाला कळवलं नाही आणि घरात बारशाची गडबड असताना तुम्ही वाट बघत बसलात.

टाक्यांचं मात्र मान्य नाही करणार. ३६ बाय ४५ इंचाची गोधडी, अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोरा, म्हणजे ८० मीटरच्या आसपास शिवण, इंचाला चार टाके धरले तरी १२ हजारांच्या वर टाके होतात आणि ते आमच्या दोन मावशींनी समोरासमोर बसून, कडेपासून आत आत येत हाताने घातलेत. दोघींचा हात वेगळा, त्यामुळे टाका वेगळा दिसतो. ओढून बघा, एकही सुटणार नाही. तुम्ही ३०० रुपयांच्या ब्लँकेटशी तुलना केलीत ती मावशींना वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

आणि आजींचं लुगडं आहे ताई, गोधडीतच आहे! ते इतकं विरलं होतं की उजेडात धरलं तर आरपार दिसायचं, वर लावलं असतं तर टाक्यागणिक फाटत गेलं असतं, म्हणून मधल्या थरात अख्खं पसरलं. काठ मात्र धड होता, तो चारी बाजूंनी कडेला लावलाय, पुन्हा एकदा बघा. गोधडी देतानाच हे सांगायला हवं होतं, घाईत राहून गेलं.

२,४०० पैकी ४०० मी अर्जंटचे म्हणून घेतले होते. ज्या घाईपायी धुण्याचं काम वगळलं त्या घाईचे पैसे ठेवणं बरोबर नाही, ते आज परत पाठवते. गोधडीही पाठवा, कुरिअर माझ्याकडे. लाल तुकडे उसवून काढते, डाग पडलेल्या पांढऱ्यांवर जुन्या मऊ सुती साडीची ठिगळं लावते, आतल्या थरांना हात लागणार नाही. यावेळी दिवस सांगत नाही, ऊन पडलं की.

बाकी जे बारशासाठी विचारतायत त्यांच्यासाठी, बाळ यायच्या आधी शिवायचं नाही असं बऱ्याच घरी मानतात ते मला माहितीय, पण सातव्या महिन्यात नुसतं कापड आणून द्या, धुऊन वाळवून ठेवते, सुई बाळ आल्यावरच लावू. पावसाळ्यात मात्र कोरा लाल किंवा जांभळा खण आठ दिवसांत मागितलात तर आता नाहीच म्हणणार.

ताई, गोधडी पाठवेपर्यंत तिला इस्त्री लावू नका आणि गरम पाण्यात घालू नका, नाहीतर लागलेला रंग पक्का बसेल.