जॅक लंडनचं सोनं साडेचार डॉलरचं

अमेरिकन लेखक जॅक लंडनवरचा एक मजकूर सध्या या ग्रुपातून त्या ग्रुपात फिरतो आहे. थोडक्यात असा: हा गरीब पोरगा कॅनडातल्या क्लोंडाइकच्या बर्फात वर्षानुवर्षं राहिला, सोनं सापडून मालामाल झाला, तिथल्या आपल्या लाडक्या कुत्र्यावर त्याने ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ही कादंबरी लिहिली, प्रकाशकाने त्याला लुबाडलं आणि शेवटी चाळिशीत त्याने आत्महत्या केली. मला हा मजकूर तिघांनी पाठवला. तिघेही वाचणारे आहेत, म्हणून लिहायला बसलो.

गंमत म्हणजे हा लेखक कागद जपणाऱ्यांतला. पत्रं, टिपणवह्या, संपादकांचे नकार, सगळं त्याने ठेवलं. त्याच्या मागे पत्नी चार्मियनने ते सांभाळलं आणि आज त्यातला मोठा भाग कॅलिफोर्नियात, सॅन मरिनोच्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. त्यामुळे त्याच्याबाबतीत ऐकीव गोष्टींवर विसंबायचं कारणच नाही.

आधी ते ‘वर्षानुवर्षं’. २५ जुलै १८९७ला एकवीस वर्षांचा जॅक आपल्या साठीतल्या मेहुण्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसला. चिलकूट खिंडीचा चढ बघून मेहुणा माघारी फिरला. जॅक मात्र पाठीवरून सामानाच्या खेपा घालत पलीकडे पोचला. हिवाळा त्याने स्टुअर्ट नदीच्या मुखाजवळ, एका लाकडी झोपडीत काढला. पुढच्या जूनमध्ये तो परतीच्या वाटेला लागलाही होता. उत्तरेतला मुक्काम सगळा मिळून वर्षभराचासुद्धा नाही.

आणि सोनं? हेंडरसन क्रीक या ओढ्यावर त्याने एक क्लेम, म्हणजे सोनं खणायचा हक्क, नोंदवला होता, पण हाती लागलं ते स्कर्व्ही, ताज्या भाज्या-फळांअभावी होणारं दुखणं. हिरड्या सुजल्या, पाय आखडले. ८ जून १८९८ला दोन सोबत्यांसह तो डॉसन या क्लोंडाइकमधल्या गावाहून उघड्या होडीतून निघाला आणि युकॉन नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जात राहिला. या प्रवासाची त्याची डायरी आहे. अँविक नावाच्या ठाण्यावर कुणीतरी त्याला ताजे बटाटे आणि टोमॅटोचा एक डबा दिला, त्याची नोंद तीत सापडते. कमरेखाली आपण जवळजवळ पांगळे झालो आहोत, हेही तिथेच लिहिलेलं आहे. घरी पोचेपर्यंत सावत्र वडील वारलेले होते. (लंडन हे आडनाव त्यांचंच, शहराशी काही संबंध नाही.) बरोबर आणलेल्या सोन्याच्या भुकटीची किंमत आली साडेचार डॉलर. उत्तरेवरची त्याची पहिली कथा जानेवारी १८९९मध्ये छापून आली. तिचे पाच डॉलर, म्हणजे तिकडून आणलेल्या सोन्यापेक्षा पन्नास सेंट जास्त!

कुत्रा त्याचा नव्हता. डॉसनमध्ये बाँड बंधूंच्या झोपडीशेजारी त्याने काही दिवस तंबू ठोकला होता आणि सेंट बर्नार्ड-कोली संकराचा तो दांडगा कुत्रा त्या भावांचा. कादंबरीतला कुत्रा बक हा तुमच्याच कुत्र्यावरून घेतला, असं त्याने त्यांतल्या मार्शल बाँडला पत्राने कळवलं होतं. शिवाय एका मिशनऱ्याच्या कुत्र्यांवरच्या पुस्तकातून बरंच उचलल्याचा आरोप झाला, तेव्हा ते पुस्तक वापरल्याचंही त्याने मान्य केलं. लपवाछपवी नाही.

लुबाडणुकीच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. पुस्तकाचे सगळे हक्क त्याने मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेला २,००० डॉलरना एकरकमी विकले आणि नंतर त्याच्या प्रचंड खपातून त्याला रॉयल्टी मिळाली नाही. पण तो सौदा त्याने समजून-उमजून केला होता. शिवाय मासिकात क्रमशः छापण्याचे ७५० डॉलर त्याला वेगळे मिळाले होते.

राहिली आत्महत्या. या मुद्द्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त तापतं, कारण ही कथा कुठून आली तेही ठाऊक आहे. आयर्विंग स्टोनच्या १९३८च्या चरित्रातून. तिचा आधार काय, तर मृत्यूच्या वेळी हजर असलेल्या एका डॉक्टरने वीसेक वर्षांनंतर सांगितलेली आठवण. तेच पुस्तक पुढे ‘चरित्रात्मक कादंबरी’ म्हणून छापलं जाऊ लागलं, हे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना कुणी सांगत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण आहे मूत्रपिंडशूळानंतरचा युरेमिया, म्हणजे मूत्रपिंडं निकामी होऊन रक्तात विषारी द्रव्यं साचणं. त्याची मूत्रपिंडं काही वर्षांपासून बिघडलेली होती आणि दुखणं असह्य झालं की तो मॉर्फीन घ्यायचा. त्या रात्री ते जास्त झालं असेल का? असेलही. पण जास्त होणं वेगळं आणि जीव द्यायला घेणं वेगळं.

२१ नोव्हेंबर १९१६ला त्याने पंधरा वर्षांच्या जोनला, आपल्या थोरल्या मुलीला, पत्र लिहिलं. येत्या रविवारी तू आणि धाकटी बेस माझ्याबरोबर जेवायला याल का, हवा चांगली असली तर लेक मेरिट या तळ्यावर शिडाच्या होडीतून फिरू, असं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.