टिकाऊ व्हा, पेमेंटचं नंतर बघू

अभिनंदन! मोठ्या कंपनीच्या पर्चेस खात्याकडून तुम्हाला मेल आला आहे आणि त्यात तुम्हाला व्हेंडर न म्हणता 'शाश्वत वाटचालीतले भागीदार' म्हटलं आहे. इतक्या मानाने कोणी हाक मारली की समजावं, सोबत एक्सेल फाइल आहे. शंभरावर प्रश्न, शुक्रवारपर्यंत मुदत, आणि तळाला बारीक अक्षरात एवढंच की माहिती न भरल्यास तुमच्या रेटिंगवर परिणाम होईल. घाबरू नका. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात पाच पॉवर प्रेस लावून वॉशर आणि ब्रॅकेट ठोकणाऱ्या माणसाने समाजाचं आणि पृथ्वीचं देणं कसं फेडावं, याचं आता शास्त्र झालं आहे. मी सांगतो तसं करत जा.

सगळ्यात आधी, कायदा उघडून बसू नका. तो निराश करतो. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 म्हणतं की नेट वर्थ 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करा. तुमच्याकडे यातलं काय आहे ते तुमच्या सीएला विचारा, तो हसेल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचंही तेच. पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून जबाबदारीचा अहवाल सक्तीचा झाला. त्यातही पुरवठादारांची माहिती मागितली ती पहिल्या 250 कंपन्यांकडे, आणि तीसुद्धा ज्याच्याकडून एकूण खरेदीच्या दोन टक्के किंवा जास्त माल येतो अशा पुरवठादारांची. तुमचे वॉशर त्या कंपनीच्या खरेदीत दुर्बिणीनेही सापडायचे नाहीत. म्हणजे सेबीला तुम्ही नको आहात आणि कंपनी कायद्याला तुमचं नावही माहीत नाही. पण मेल एकाला पाठवला काय आणि बाराशे व्हेंडरना पाठवला काय, खर्च तेवढाच. म्हणून तुम्हाला आला. भरा.

पहिलाच प्रश्न असेल, एकूण कामगार किती. इथे नवखा माणूस गडबडतो. तुमच्याकडे बावीस जण काम करतात, पण मस्टरवर नऊ आहेत, कारण दहा झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागतो आणि वीस झाले की पीएफ. बाकीचे तेरा 'ठेकेदाराचे', आणि तो ठेकेदार म्हणजे तुमचा मेव्हणा. तेव्हा फॉर्ममध्ये नऊच लिहा. पुढे माणशी कार्बन उत्सर्जन विचारतील, तिथे मात्र बावीसने भागा. आकडा एकदम युरोपसारखा देखणा येतो.

मग धोरणं लागतील. मानवाधिकार धोरण, बालकामगार धोरण, जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचं धोरण, जैवविविधता धोरण. ही लिहायची नसतात, उतरवून घ्यायची असतात. दुसऱ्या कंपनीची फाइल घ्या, तिचं नाव काढून आपलं टाका, लेटरहेडवर प्रिंट मारून शिक्का मारा. एकदा वाचून मात्र घ्या, नाहीतर सातव्या पानावर 'आमच्या चहाच्या मळ्यांतील भगिनी' तशाच राहतात. तशा राहिल्या तरी फार बिघडत नाही म्हणा, तिकडेही कोणी वाचत नाही. स्त्री-पुरुष समानतेच्या रकान्यात '50 टक्के संचालक महिला' असं ठणकावून लिहा. दोन भागीदारांपैकी एक वहिनी आहेत आणि चेकवर सही त्यांचीच चालते. लैंगिक छळाविरुद्धच्या समितीच्या अध्यक्षही त्याच. कारखान्यात दुसरी बाई नाही, त्यामुळे आजवर एकही तक्रार नाही. हा आकडा ठळक अक्षरात टाका.

आता समाजकार्य. यात एक बारीक नियम आहे आणि तो तुम्हाला कोणी समजावून सांगत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नियमांत, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी केलेला खर्च सामाजिक जबाबदारीत धरत नाहीत. फॉर्म त्याच नियमांवरून बनलेला, म्हणून तुम्हालाही तेच माप. तुम्ही प्रेसवर साचे (डाय) बसवणाऱ्या डायसेटरच्या मुलीच्या लग्नाला बिनव्याजी उचल दिलीत, मशीनवरच्या पोराच्या आईच्या डायलिसिसला महिनोन्‌महिने गाडी पाठवलीत, लॉकडाऊनमध्ये ज्यांना गावी जाता आलं नाही त्यांना गाळ्यात ठेवून दोन वेळचं जेवण दिलंत. हे सगळं घरगुती. याला रकाना नाही. समाज गेटच्या बाहेर सुरू होतो.

म्हणूनच पॉवर प्रेसचा विषय समजून घ्या. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका देणारा रॅम खाली येतो, म्हणजे ठोका बसताना हात डायमध्ये नसतो. कल्पना उत्तम आहे. पण एका हाताने पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, असं केलं तर शिफ्टला काही हजार ठोके जास्त निघतात. म्हणून कोणीतरी एका बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचतं, ते बटण कायमचं दबलेलं राहतं. ज्यांच्याकडे सेन्सर आहे त्यांच्याकडे त्याची वायर निघते. हे कामगार आळशी किंवा बेफिकीर म्हणून होत नाही. तुमच्याकडच्या ब्रॅकेटचा रेट ठरवताना समोरच्या कंपनीच्या इंजिनिअरने तासाला जेवढे ठोके धरले, तेवढे दोन्ही बटणांनी निघतच नाहीत. ते त्यालाही ठाऊक असतं. त्यावर दर एप्रिलला 'कॉस्ट डाऊन' म्हणून आणखी दोन-तीन टक्के कापतो, तेव्हा ती काडी त्याच्याच हाताने आणखी थोडी आत जाते.

तेव्हा ऑडिटच्या दिवशी काय करायचं ते नीट ऐका. सकाळी काड्या काढा. हेल्मेट घाला, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये डोक्यावर काही पडत नसलं तरी घाला, फोटोत पिवळा रंग उठून दिसतो. पायाला बूट, हाताला कोरे मोजे, त्यावर लेबल राहिलं असेल तर काढा. प्रथमोपचार पेटीतलं आयोडीन वाळलं असेल, दुसरं आणा. ऑडिटर साहेब मशीन बघतील, ठोके इतके कमी का हे विचारणार नाहीत, कारण तो त्यांच्या चेकलिस्टमधला प्रश्न नाही. दुपारी त्यांना जेवायला न्या. संध्याकाळच्या शिफ्टला काड्या परत.

आणि एखाद्याचं बोट गेलंच, तर आधी बघा तो नवांतला की तेरांतला. तेरांतला असेल तर त्याला ताबडतोब दहावा म्हणून मस्टरवर चढवा, मग ईएसआय लागू होऊन कार्ड आजच्या तारखेचं निघतं, तशी रीतच आहे. तो बरा होऊन आला की प्रेसवर बसू शकत नाही, हलकं काम तुमच्याकडे नाही, मग तो काम सोडतो. इथे निराश न होता संधी ओळखा. काम सोडल्या दिवसापासून तो कर्मचारी राहत नाही, समाज होतो. येत्या 26 जानेवारीला मांडव घालून त्याच्या बायकोला शिलाई मशीन द्या. आता रकाना आहे. फोटो जोडा.

पर्यावरणाचं सोपं आहे, फक्त फोटो निघेल असंच काही करा. कॉम्प्रेसरची लाइन ठिकठिकाणी गळते, सुट्टीच्या दिवशी गाळ्यात उभं राहिलं तर सूंऽऽ आवाज ऐकू येतो. पन्नास-शंभर रुपयांची फिटिंग बदलली तर दर महिन्याचं बिल खरोखर खाली येईल. हे करू नका. बंद झालेल्या आवाजाचा फोटो येत नाही. त्याऐवजी 5 जूनला रोप लावा. जागा मात्र वीजवाहिनीखालची निवडा, म्हणजे महावितरणवाले पावसाळ्याआधी फांद्या छाटून जातात आणि झाड का वाढलं नाही याचं लेखी कारण तयार राहतं.

सौर ऊर्जेबद्दल विचारतील. त्यांच्या प्लँटच्या छतावर ती आहे, वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावरही आहे. तुमचा गाळा भाड्याचा, करार 11 महिन्यांचा, पॅनेलचे पैसे फिटायला चार-पाच वर्षं लागतात आणि गाळामालक म्हणतो पत्र्याला भोक पाडायचं नाही. एवढं लिहायला रकान्यात जागा नसते. 'प्रस्तावित' लिहा. हा शब्द दरवर्षी चालतो.

पाण्याचंही असंच. कंपनीने तुम्हाला सांगितलं, तुमच्या उत्पादनातून एक थेंबही दूषित पाणी बाहेर जाता कामा नये. तुमच्याकडे पाणी लागतच नाही, तुम्ही ब्रॅकेट प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा चढवायला, बाहेर देता. मग तुम्ही प्लेटिंगवाल्याकडून लिहून घ्या. त्याला रेट मात्र गेल्या वर्षीचाच द्या. प्रक्रिया करायची, गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचा, तर त्याचे किलोमागे पैसे लागतात आणि ते तुमच्या रेटमध्ये बसत नाहीत, असं तो म्हणेल. म्हणू द्या, सही घ्या. मग त्याने काय केलं हे तुम्ही विचारायचं नाही. वारीच्या दिवसांत आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो, तेव्हा तो घरगुती सांडपाण्याचा की कारखान्यांचा यावर दोन्ही बाजू पत्रकं काढतात. इंद्रायणीला खाली व्हेंडर नाही, त्यामुळे तिला कोणाकडून लिहून घेता येत नाही.

एवढं करून हुरूप आला तर लहान उद्योगांसाठीचं सरकारी 'झेड' (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्रही घेऊन टाका. शून्य दोष, शून्य दुष्परिणाम, 2014 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून दिलेला मंत्र. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत आणि सूक्ष्म उद्योगाला खर्चात 80 टक्के अनुदान मिळतं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मन लावून केल्या तर कामाच्या आहेत, हे मी इथे कबूल करायला नको होतं. आणि लहान उद्योगांना शाश्वतता शिकवणाऱ्या कार्यशाळेचं आमंत्रण आलं की जरूर जा. ती मंगळवारी किंवा बुधवारी पहिल्या शिफ्टच्या वेळेत असते. गुरुवारी, म्हणजे भोसरीची सुट्टी असते त्या दिवशी, ती कधीच नसते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. 2006 च्या एमएसएमई कायद्याने तुमचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं व्हायला हवं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. एप्रिल 2024 पासून तर वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणूनही दाखवता येत नाही. कागद इतका चोख आहे की वाचून डोळे भरून येतात. पण दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. तुमचे ब्रॅकेट गेटमधून आत गेले, लाइनवर लागले, ती गाडी शोरूममधून विकलीसुद्धा गेली, तरी जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीची पावती, निघालेली नसते, म्हणजे त्यांच्या लेखी माल अजून 'स्वीकारलेला' नसतो. तुम्ही थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करू शकता. पुढच्या ऑर्डरचं काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. प्रश्नावलीत 'आपण आपल्या पुरवठादारांना वेळेवर पैसे देता का' असाही प्रश्न आहे. तो तुम्हाला आहे, त्यांना उलट विचारण्याची सोय फाइलमध्ये नाही. तो सेल लॉक केलेला आहे.

फॉर्म सबमिट केलात की पोचपावतीचा हिरवा मेल येईल, 'कृपया प्रिंट काढू नये' असं पानाचं चित्र असलेला. त्यानंतर एकशे दहाव्या दिवशी तुम्ही अकाउंट्सला फोन कराल. तिकडचा मुलगा अगदी अदबीने सांगेल, सर, तुमचा व्हेंडर कोड ब्लॉक दिसतोय. शाश्वततेचं डिक्लरेशन मार्चला एक्स्पायर झालंय, नवीन फॉरमॅट आलाय, तो भरा, मग बिल पुढे सरकेल. नवीन फॉरमॅटमध्ये चाळीस प्रश्न जास्त आहेत, आणि या वेळी मेव्हण्याकडूनही वेगळा भरून घ्यायचा आहे.