रस्सीखेच मनगटाने जिंकत नाहीत

नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावरच्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रस्सीखेचीचा एक ‘गुरुमंत्र’ फिरू लागतो. जो संघ दोर जास्त जोराने ओढतो तो जिंकतो. पुळणीवर वजनाचा उपयोग नाही, उलट जड माणूस रुततो. दोर छातीशी धरून ताठ उभं राहावं. आणि तो निसटू नये म्हणून शेवटच्या गड्याने हाताला किंवा कमरेला गुंडाळावा. पहिल्या तीन सल्ल्यांनी फार तर सामना जाईल. चौथ्याने हात जाऊ शकतो, म्हणून हे लिहितो आहे.

‘जास्त जोराने ओढतो तो जिंकतो’ हे सगळ्यांना पटतं, आणि तेच चूक आहे. दोराच्या मधोमध ताणकाटा बांधला तर तो एकच आकडा दाखवेल. दोराचं वजन माणसांपुढे नगण्य असल्याने दोन्ही संघांना जाणवणारा ताण जवळपास सारखाच असतो. मग एकच संघ का सरकतो? प्रत्येक संघावर आडवी बलं दोनच: दोराचा ताण पुढे ओढतो, जमिनीचं घर्षण मागे धरून ठेवतं. ज्यांचं घर्षण ताणापुढे अपुरं पडतं, ते सरकतात. टाचेने आपण जमीन पुढे रेटतो आणि जमीन आपल्याला तेवढ्याच बलाने मागे रेटते. न्यूटनचा तिसरा नियम इथे पायाखाली काम करतो. मनगट लागतं ते दोर सुटू नये एवढ्यापुरतं. श्रावणातल्या शेवाळलेल्या जांभ्यावर पैलवान उभे करा, कोरड्या जमिनीवरची शाळकरी पोरं त्यांना ओढून नेतील.

आता वजन. 80 किलोच्या माणसाचा जमिनीवरचा भार सुमारे 784 न्यूटन. घर्षणांक, म्हणजे भाराच्या किती पट घर्षण मिळू शकतं तो आकडा, 0.6 धरला तर त्याला 470 न्यूटनपर्यंत घर्षण मिळतं. 60 किलोच्या माणसाला जेमतेम 353. म्हणून तर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आठ जणांच्या एकूण वजनावर गट पाडतात. वाळूत हा हिशेब इतका सरळ राहत नाही हे खरं, पण रुतलेली टाच पुढच्या वाळूला अडते, म्हणजे रुतणं कामालाच येतं. खरा फरक ओलाव्याचा. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओलसर वाळूत कणांमधलं थोडं पाणी त्यांना जखडून ठेवतं. वरची सुकी वाळू पायाखालून निसटते, आणि लाटेने नुकती भिजलेली वाळू पाण्याने तुडुंब भरून सैल होते. त्यामुळे दोर समुद्राच्या दिशेने टाकला तर सामना सुरू होण्याआधीच अन्याय झालेला असतो. तो किनाऱ्याला समांतर टाका आणि प्रत्येक डावानंतर बाजू बदला.

ताठ उभं राहण्याचं उत्तर रापण ओढणाऱ्यांकडे बघितलं तरी मिळतं; अंग मागे झोकून, टाचा रोवून ते जाळं ओढतात. ताण 470 न्यूटन आणि दोर छातीशी, म्हणजे 1.2 मीटरवर असेल, तर 80 किलोच्या गड्याला पुढे न पडण्यासाठी शरीराचा गुरुत्वमध्य टाचांच्या 72 सेंटिमीटर मागे न्यावा लागतो. दोर 0.8 मीटरवर आणला की 48 पुरतात. ताठ उभा राहणारा तोंडावर येणार.

आणि तो वेढा. वेढा घेतलेला हात ताण वाढल्यावर सोडवता येत नाही. नायलॉनचा दोर तर भरपूर ताणला जातो, ऊर्जा साठवतो, आणि तुटला की ती एका क्षणात मोकळी करतो. 1997 मध्ये तैपेईत दीड हजारांहून जास्त लोकांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोन माणसांचे हात तुटले. शस्त्रक्रियेने ते पुन्हा जोडावे लागले.

शेवटच्या गड्यासाठी सुरक्षित पद्धत ठरलेली आहे: दोर एका काखेखालून घ्यायचा, पाठीवरून तिरका नेऊन दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणायचा, आणि उरलेलं टोक काखेखालून मागे मोकळं सोडायचं. गाठ नाही, फास नाही. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी निदान चौथी ओळ आजच काढून टाकावी, आणि पंचांना कुणाच्या हाताला वेढा दिसला तर त्यांनी शिट्टी वाजवून डाव तिथेच थांबवावा.