टीबीचा जातिवंत वाण: घरगुती लागवड

जोमदार कणीस बियाण्याला ठेवायचं आणि बाकीचं दळायला द्यायचं, ही मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यांची रीत. औषधाला भीक न घालणारा टीबीचा वाण असाच काढतात. शेत तेवढं तुमच्या छातीत असतं.

बियाणं विकत आणावं लागत नाही. फुफ्फुसात एक पोकळी पडली की तिच्यात दहा कोटी जंतू सहज मावतात. त्यांत टीबीच्या मुख्य औषधांपैकी रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत साधारण एक, आयसोनियाझिडला न जुमानणारा दहा लाखांत एक. पहिली गोळी गिळण्याआधीच हे तयार असतात बरं का! दोन्हींना पुरून उरणारा मात्र एकावर चौदा शून्यं, एवढ्यांत एक. म्हणून तर चार औषधं एकाच गोळीत घालून देतात. तुम्हाला ही एकी मोडायची आहे.

खोकला दोन आठवडे टिकला तरी बेडका तपासू नका. यंत्रमागावर असाल तर सुताची धूळ, विड्या वळत असाल तर तंबाखू. कारण घरचंच आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय लिव्होफ्लॉक्सासिनच्या पाच गोळ्या आणा. खोकला तात्पुरता बसतो, निदान लांबतं आणि पुढे कामाला येणाऱ्या औषधाशी जंतूची ओळख आत्ताच होते.

तरीही टीबी निघालाच, तर वजन बघा. ५२ किलोला रोज चार गोळ्या लागतात. दोनच घ्या, सोलापूरचा उन्हाळा आहे, उष्णता होते. लघवी नारिंगी झाली की गल्लीभर बोभाटा करून गोळ्या थांबवा. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सरकारच्या निक्षय योजनेतले, रुग्णाच्या खुराकासाठीचे महिन्याचे हजार रुपये खात्यात येऊ द्या, पाकिटं डब्यात राहू द्या.

दोन महिन्यांत खोकला जातो, अंगावर मांस चढतं. थांबायची हीच वेळ! भराभर वाढणारे जंतू मेलेत, सुस्त पडलेले शिल्लक आहेत. पुढचे चार महिने त्यांच्यासाठीच होते.

खोकला परतला की डॉक्टर बदला. न चालणाऱ्या गोळ्यांत एकच नवं औषध वाढवून देणारा भेटला, तर सोडू नका. एकटं पडलेलं औषध लवकर बाद होतं.

वाण तयार झाल्याची खूण जंतूच्या आरपीओबी जनुकात दिसते. एक अक्षर बदलतं, त्यातून बनणाऱ्या प्रथिनात ४५०व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन येतं आणि रिफाम्पिसिनला बसायला जागा उरत नाही. बेडक्यातल्या जंतूचे जनुक तपासणारी सीबीनॅट चाचणी हे दोन तासांत ओळखते, म्हणून ती तपासणी टाळलेली बरी. असा जंतू थोडा अशक्त होतो म्हणतात, पण शेजारच्या आरपीओसी जनुकात बदल करून तो कसर भरून काढतो. जंतूच्या घराण्याची, म्हणजे तो कोणत्या वंशाचा याची, चिंता नको. बीजिंग घराण्याचा या बाबतीत लौकिक मोठा, पण दक्षिणेत आढळणारं जुनं पहिलं घराणंही याच मशागतीने तयार होतं.

आता वाटप. दहा बाय दहाची खोली, खिडकीला चादर, शेजारी नातू झोपलेला. त्याने आयुष्यात टीबीची एक गोळी घेतलेली नसते, तरी त्याला तयार वाणच मिळतो.

त्याच्यासाठी बेडाक्विलीन, लिनेझोलिड वगैरे औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार आहे. तोही मध्येच सोडता येतो. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात. डॉक्टरला न सांगता गोळ्या बंद करायला एवढं कारण पुरतं.