मालवणला निघालेल्या बेळगावकरांसाठी

जून-जुलैत मासळी महागली की आपल्याकडं एकच सूर लागतो, कशाला ही मासेमारीबंदी! १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, कर्नाटकातही आणि महाराष्ट्रातही. (दोन्ही राज्यांचं एकमत झालेली ही दुर्मीळ गोष्ट, निदान त्यासाठी तरी कौतुक करा की.) कुरकुरलो तरी मनातून आपल्याला ते पटलेलं असतं. गाभोळीनं भरलेले मासे आत्ताच ओरपले तर पुढं काय खाणार, हे घाटावरच्या माणसालाही कळतं.

मात्र पाऊस सरला की हीच मंडळी गाड्या भरून आंबोली घाट उतरतात आणि मालवणात स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून तरंगत पाण्याखालचं बघणं) करताना दम लागला की सरळ प्रवाळावर उभी राहतात. खाली दगड आहे असं समजून. माझं डोकं तिथं फिरतं.

तो दगड जिवंत आहे, म्हणजे बारीक बारीक समुद्री जीवांची वसाहतच, आणि त्याचाही विणीचा हंगाम असतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, म्हणजे तिथल्या प्रवाळांच्या प्रचंड रांगेवर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान, पौर्णिमा उलटून चार-सहा रात्री गेल्या की अंधारात असंख्य प्रवाळ एकदम अंडी आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या पाण्यात सोडतात. गोळ्या वर तरंगतात, फुटतात आणि तिथं फलन होतं. शास्त्रज्ञांनी हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टिपलं, म्हणजे अगदी अलीकडं. ऑस्ट्रेलियाचं कॅलेंडर मालवणला लावून चालत नाही. पाण्याच्या तापमानाप्रमाणं ठिकाणागणिक महिना बदलतो. काही जाती तर पाण्यात अंडी न सोडता पिल्लं आतच वाढवतात.

एकाच रात्री का? एक तर, खाणारे मासे खाऊन खाऊन किती खातील? दुसरं जास्त महत्त्वाचं. बऱ्याच जातींत एकाच प्रवाळात अंडी आणि शुक्राणू दोन्ही असतात, पण स्वतःचं स्वतःला सहसा फळत नाही. शेजारी लागतो, तोही जवळचा, कारण शुक्राणू काही तासच टिकतात. परड्यात मक्याची दोनच ताटं लावा, कणसात दाणे नीट भरत नाहीत, तसंच हे. म्हणून 'एवढ्या मोठ्या समुद्रात एक फांदी मोडली तर काय होतंय' हे म्हणणं मला पटत नाही. विरळ झालेलं प्रवाळ जगलं तरी त्याची वीण फुकट जाते. फलन झालं तरी पिल्लाला टेकायला स्वच्छ, टणक जागा हवी. गाळ साचलेला असेल तर संपलं. वाढही कशी, तर गोलसर दगडी जातींची वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर.

कायदा आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं, आणि २००१पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. पण पाण्याखाली कोण बघतंय?

पर्यटन बंद करा असं मी म्हणत नाही, बोटवाल्यांची पोटं त्यावर आहेत. आमच्या बोटीवरचा पोरगा बिचारा 'पाय टेकू नका' म्हणून ओरडत होता आणि आपलेच लोक 'पैसे दिलेत की' म्हणत फोटोसाठी उभे. नांगर प्रवाळावर टाकण्याऐवजी बोट बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत, आणि ते गिऱ्हाइकांनी मागितले तर लवकर येतील, असं मला वाटतं.

तोवर जॅकेट घट्ट बांधा, रिंग धरून तरंगा. ते जमत नसेल तर सिंधुदुर्ग किल्ला बघा, सुरमईची थाळी हाणा आणि परत या.