सास्किया वेंगुर्ल्याची नव्हे

माझ्या मावशीच्या विहीणबाईंचं नाव सास्किया. मावसभाऊ नोकरीसाठी नेदरलंड्समधल्या आयंडहोवनला गेला, तिथेच लग्न केलं, त्या सुनेची ही आई. माहेर तिकडच्याच फ्रीसलंड प्रांताचं, वय साठीच्या आसपास. परवा व्हिडिओ कॉलवर मावशीने त्यांना चक्क "शशिकाताई" म्हणून हाक मारली आणि वर "अगो, तुम्ही मुळात आमच्या वेंगुर्ल्याच्याच" असं ऐकवलं. भावाने भाषांतर करायचं टाळलं आणि नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. मावशी सावंतवाडीची, त्यामुळे तिला तर हा शोध फारच गोड लागलाय.

शोधाचं मूळ एक फॉरवर्ड. महिनाभरात तो मला चार ग्रुपांवर आला. म्हणणं असं: 'सास्किया' म्हणजे संस्कृत 'शशिका', डचमध्येही त्याचा अर्थ चंद्रच, हे नाव वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून हॉलंडला गेलं, आणि चित्रकार रेम्ब्रांटची बायको सास्किया ही वखारवाल्यांनी उचलून नेलेली कोकणी मुलगी. शेवटी 'अभिमान असेल तर पुढे पाठवा'.

शेवटचं आधी घेते, कारण वाचून डोकंच फिरलं. डच ईस्ट इंडिया कंपनीची वेंगुर्ल्याची वखार सुरू झाली १६३७ मध्ये. रेम्ब्रांटने सास्कियाचं एक छोटं रेखाचित्र काढलंय, चांदीच्या टोकाच्या लेखणीने, चर्मपत्रावर. डोक्यावर रुंद काठाची गवती हॅट, हॅटला फुलं, एका हाताचा गालाला टेकू, दुसऱ्या हातात फूल. खाली त्याच्याच अक्षरात लिहिलंय की ही माझी बायको, २१ वर्षांची, आमचं ठरल्यावर तिसऱ्या दिवशी, ८ जून १६३३. चित्र आज बर्लिनच्या संग्रहात आहे. वखारीला अजून चार वर्षं होती हो! कोणत्या गलबतातून नेली तिला?

शिवाय ही काही आगापिछा नसलेली बाई नव्हे. जन्म १६१२, गाव लेवार्डन, म्हणजे फ्रीसलंडची राजधानी. वडील रोम्बेर्टस फान आउलेनबुर्ख त्या शहराचे महापौर होते. १५८४ मध्ये डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा डेल्फ्टला खून झाला, त्या दिवशी त्याच्या जेवणाच्या टेबलावर हे गृहस्थ हजर होते. लग्न १६३४ चं, तेही फ्रीसलंडमध्येच. चार मुलांपैकी तीन तान्हेपणीच गेली, तिटस तेवढा वाचला, आणि १६४२ मध्ये ती स्वतः तिशीच्या आत गेली. तिचे आईबाप पुसून तिला कोकणात जन्माला घालायचं कशासाठी? आणि समजा खरोखरच मुलगी उचलून नेली असती, तर त्यात अभिमान कसला? कंपनी माणसांची खरेदी-विक्री करायची, हा इतिहास आहे. त्याचा असा दागिना करून मिरवू नये.

'डचमध्ये अर्थ चंद्र' हे पाच सेकंदात तपासता येतं. चंद्राला डच 'मान' म्हणतात. पुढे.

मग सास्किया आलं कुठून? नावांचे अभ्यासक ते 'सास' म्हणजे सॅक्सन या जुन्या जर्मानिक टोळीच्या नावाशी जोडतात. 'के' हा तिकडचा लाडाचा प्रत्यय. आनेके, फेमके, मायके या नावांत तोच आहे. आपण बाळ्या, बाळू करतो तसं. विसाव्या शतकात हे नाव नेदरलंड्समध्ये बऱ्यापैकी चाललं, त्यात रेम्ब्रांटच्या चित्रांचा वाटा मोठा. विहीणबाई सांगतात, त्यांच्या वर्गात तीन सास्किया होत्या. सुनेच्या वर्गात एकही नव्हती.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. डच आणि संस्कृत लांबच्या नात्यातल्या भाषा आहेत, हे खरं. नाम आणि 'नाम', दुहिता आणि 'डोख्टर', मास आणि तो वरचा 'मान', ही एकाच कुळातली. पण या नात्याला नियम असतात, नुसतं कानाला सारखं लागून भागत नाही. या जुन्या शब्दांत संस्कृतात 'श' असेल तिथे डचमध्ये 'ह' सापडतो: शत म्हणजे 'होंडर्ट', श्वान म्हणजे 'होंट'. आणि शशी म्हणजे ज्याच्या अंगावर शश, ससा आहे तो. या शशाचा डच भाऊ आहे 'हास', अर्थ रानससा. म्हणजे मेसेजवाल्याला नातं हवंच होतं तर ते तिथे पडलं होतं. ते सोडून हा विहीणबाईंच्या नावाला जाऊन चिकटला.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं आणि ते रेखाचित्रही पाठवलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "हॅट सोड गे, नाक बघ. आमच्या शेजारच्या सुमनचंच."